गॅलरीचं दार

तुझं पत्र तीन पानी, त्यातली पावणेतीन पानं नवऱ्याच्या तक्रारीत गेली. लग्नाला चार वर्षं झाली, जावई नागपूरला दोनदाच आले. कधी ऊन फार, कधी प्रवास लांबचा. तिथं महाल भागातल्या घरी आईबाबा वाट पाहतात आणि हा पुण्यातून हलत नाही, त्याला समजवायचं कसं, असं विचारतेस.

त्याचं राहू दे. दुसऱ्या पानावर कंसात एक ओळ टाकली आहेस : ‘आईचा फोन आला की मी गॅलरीत जाते, नागपुरी निघतं ना तोंडातून.’ सासूबाई एकदा ‘येतेय’ऐवजी निघालेल्या ‘येऊन राहिले’वर हसल्या, तेव्हापासून.

दार पण लोटून घेतेस का गं?

चार वर्षं, पोरी! ‘बाबाले गोळी दिली का? काऊन नाही दिली?’ असं आईवर डाफरताना या माणसानं तुला एकदाही ऐकलेलं नाही. त्याच्या घरात ‘करतेय’, ‘बोलतेय’ म्हणणारी एक शहाणी सून वावरते. तिला माहेर असेल असं त्याला वाटावं तरी कशावरून? मीही हॉस्टेलात वर्षभर असंच तोंड सांभाळलं. सुट्टीला निघाले की बडनेरा मागे पडेपर्यंत जीभ आखडलेली असायची, मग वर्ध्यापर्यंत शेजारच्या बाईशी नुसती टकळी. तू गाडीत नवऱ्याशेजारी काय करतेस? झोपेचं सोंग?

आणि सासूबाईंचं म्हणशील, तर १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदीच्या शेजारात आपल्या पिढ्या गेल्या, त्यातून हे ‘राहिलो-राहिली’ आलं. ते अशुद्ध ठरवायचं असेल, तर पोर्तुगिजांकडून आलेला बटाटा आणि पगार पुण्यानंही परत करावा. हसल्या तर हसल्या. तूही हसायचं होतंस, गॅलरीत पळायचं नव्हतं.

रेल्वेनं पुणे ते नागपूर ८९० किलोमीटरच्या आसपास भरतं. तेवढं अंतर त्यानं तुझ्यासाठी कापावं म्हणतेस, आणि सोफ्यापासून गॅलरीपर्यंतची दहा पावलं तू त्याला कापू देत नाहीस. नवऱ्याची बाजू घेते म्हणून रागावशील. रागाव.

आज रात्री फोन आला की सोफ्यावरून उठू नकोस. स्पीकर लाव. आई विचारेलच, ‘जावई काय करून राहिले?’ उत्तर त्याला देऊ दे. तो अडखळेल, आई ‘आँ?’ करेल, सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावतील. तू मध्ये पडून भाषांतर करायचं नाहीस. रोज असंच, महिनाभर. तोवर तिकिटाचा विषय काढू नकोस.

आणि काढशील तेव्हा मे महिन्याचं काढू नकोस गं बाई. उन्हाचं तेवढं त्याचं खरं आहे.