वर्तुळ मोठं झालं म्हणजे वादळ मोठं झालं का?

प्रश्न : माझी मुलगी, जावई आणि नात टोकियोत निशी-कासाई भागात राहतात. २०१९ च्या ऑक्टोबरात हागिबिस टायफून आला तेव्हाही ते तिथेच होते. पुढच्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली आणि तेव्हापासून वादळ म्हटलं की छातीत धस्स होतं. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी मी रोज मोबाइलवर जपानच्या हवामान खात्याचा नकाशा उघडून बसते. वादळाच्या पुढे पांढरी वर्तुळं असतात, ती टोकियोपर्यंत येताना मोठी मोठी होत जातात. म्हणजे वादळ वाढत येतंय असं समजायचं का? हागिबिसचा वाऱ्याचा वेग एका ठिकाणी ताशी १९५ किलोमीटर वाचला, दुसऱ्या ठिकाणी तीनशेच्या घरात. खरं कोणाचं मानू? आणि 'वादळ क्षीण झाले' असं वाचलं की निर्धास्त झोपू का? मुलगी म्हणते, "आई, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."
— एक आई, श्रीवर्धन

उत्तर : ताई, तुमचा घोर उगाच नाही. फक्त तो नकाशावरच्या नेमक्या जागी लावायला हवा, म्हणजे नको त्या रात्री जागरण होणार नाही आणि हव्या त्या रात्री डोळा लागणार नाही.

आधी वर्तुळांचं. नकाशावर फुलीची खूण असते, तिथे वादळाचं केंद्र आत्ता आहे. फुलीभोवती दोन भरीव रेषांची वर्तुळं दिसतात. पिवळ्याच्या आत सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरहून जास्त वारा असू शकतो. लाल वर्तुळाच्या आत सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वरचा. वादळाचा आकार सांगतात ती ही दोन वर्तुळं. पुढची पांढरी, तुटक रेषेची वर्तुळं आकाराबद्दल काहीच सांगत नाहीत. त्या त्या वेळी केंद्र त्या वर्तुळात असण्याची शक्यता ७० टक्के, एवढंच त्यांचं म्हणणं. उद्याचं सांगणं सोपं, म्हणून उद्याचं वर्तुळ लहान. पाच दिवसांनंतरचं अवघड, म्हणून ते मोठं. वाढत जाते ती अंदाज करणाऱ्याची अनिश्चितता. वादळ त्याच काळात विरतही असू शकतं. आणि ७० टक्के म्हटल्यावर दहातून तीनदा केंद्र वर्तुळाबाहेर जाणार, हेही त्यात धरलेलंच आहे. वर्तुळांच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर बोट ठेवून 'हे बघा, टोकियोवरूनच जातंय' किंवा 'सुटलो, पन्नास किलोमीटर लांबून जातंय' असं म्हणण्यात काही अर्थ नाही. रेषा विसरा, वर्तुळ बघा.

या वर्तुळांना बाहेरून वेढणारी एक लाल रेषा असते, ती मात्र मनापासून पाहा. केंद्र पांढऱ्या वर्तुळात कुठेही गेलं तरी ताशी ९० किलोमीटरचा वारा जिथवर पोचू शकतो, तिथवर ती रेषा जाते. निशी-कासाई तिच्या आत आलं, की मुलीला फोन करायचा.

अनिश्चितता कशाची, तेही सांगतो. पॅसिफिक महासागरावर उन्हाळ्यात जास्त दाबाचा एक प्रचंड प्रदेश पसरलेला असतो. टायफून त्याच्या कडेकडेने चालतो : आधी पश्चिमेला, मग वायव्येला, आणि ती कड संपली की वळून उत्तरेला नि ईशान्येला. वळल्यावर पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांच्या तावडीत तो सापडतो आणि त्याचा वेग झपाट्याने वाढतो. वळण एका दिवसाने लवकर आलं तर वादळ समुद्रातूनच निघून जातं, उशिरा आलं तर जपानऐवजी दुसरीकडे. सगळा खेळ त्या एका वळणाचा आहे. म्हणून मी सांगेन, एक वही करा. वादळ लांब असताना दर तीन तासांनी नवी माहिती येते, जवळ आलं की दर तासाला. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा : अक्षांश, रेखांश, केंद्रातला दाब, सरकण्याचा वेग. रेखांशाचा आकडा कमी कमी होत होता तो थांबला आणि अक्षांशाचा भराभर वाढू लागला, की समजा, वळलं. ते ओळखायला तुम्हाला माझी गरज पडणार नाही.

आता वाऱ्याचे दोन आकडे. दोन्ही खरे आहेत. जपानचं हवामान खातं दहा मिनिटांच्या सरासरीचा वेग देतं, म्हणून हागिबिसचा सर्वोच्च वेग ताशी १९५. अमेरिकी नौदल आणि हवाई दलाचं हवाई बेटांवरचं संयुक्त केंद्र एका मिनिटाची सरासरी धरतं, म्हणून त्यांचा आकडा २९५ च्या आसपास. एका मिनिटातला सगळ्यात जोरकस वारा दहा मिनिटांच्या सरासरीपेक्षा जास्तच भरणार. पण एवढी मोठी तफावत केवळ त्यामुळे पडत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून जोर ठरवण्याची दोघांची पद्धतही थोडी वेगळी आहे. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी देतं, त्यामुळे निसर्गच्या आकड्यांशी यातल्या कोणत्याच आकड्याची थेट तुलना करू नका. तुमची माणसं जपानात आहेत, तिथले इशारे जपानी आकड्यांवर निघतात. तेवढाच एक आकडा धरून ठेवा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

हागिबिस ६ ऑक्टोबर २०१९ ला मिनामितोरिशिमा या जपानच्या पूर्व टोकाच्या बेटाजवळच्या समुद्रात जन्मला. त्या संध्याकाळी ते साधं वादळ होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केंद्रातला दाब ९१५ हेक्टापास्कलपर्यंत (हे हवेचा दाब मोजायचं एकक; आकडा जितका कमी, वादळ तितकं जोरदार) खाली आला होता. इतक्या झपाट्याने जोर धरणारी वादळं फार थोडी. खाली उबदार पाण्याचा जाड थर आणि वर शांत हवा, दोन्ही जुळून आलं. मग उत्तरेकडे येताना उंचावरचे वारे त्याला एका बाजूने ढकलू लागले, कोरडी हवा आत शिरली, केंद्रातला ढगांविना मोकळा भाग, म्हणजे वादळाचा डोळा, बुजत गेला. १२ ऑक्टोबरला संध्याकाळी सातच्या थोडं आधी ते इझु द्वीपकल्पावर धडकलं तेव्हा दाब ९५५ वर आला होता आणि वारा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. कागदावर पाहिलं तर वादळ उतरणीला लागलेलं. बातमीत 'क्षीण झाले' म्हणता येईल असंच.

त्याच दिवशी हाकोने या डोंगराळ गावी ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला. एका दिवसातल्या पावसाचा जपानमधला तो विक्रम ठरला. क्षीण होताना वादळाचा मधला जोर ओसरतो, पण त्याचा घेर पसरतो, आणि त्याने महासागरावरून वाहून आणलेली वाफ कुठे जात नाही. ती डोंगराला अडते आणि रिती होते. घाटमाथ्यावरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मग ते पाणी नद्यांना आलं. १३ तारखेच्या पहाटे नागानोत चिकुमा नदीचा बांध फुटला. जवळच्या यार्डात उभ्या असलेल्या शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या दहा गाड्या, एकूण १२० डबे, पाण्यात गेले. केंद्र तोवर ईशान्येकडे पुढे निघून गेलं होतं. आता तुमच्या लेकीच्या घराजवळ या. निशी-कासाईच्या पश्चिमेला आराकावा नदी वाहते. त्या नदीवर वरच्या अंगाला इवाबुची इथे पाण्याची पातळी मोजतात. धोक्याची पातळी ७.७ मीटर. हागिबिसचं पाणी ७.१७ मीटरपर्यंत चढलं आणि ही सर्वोच्च पातळी गाठली १३ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास. वादळ जमिनीवर येऊन पंधरा तास झाले होते. टोकियोवरचं आभाळ मोकळं झालं होतं. त्याच संध्याकाळी शेजारच्या योकोहामात जपान आणि स्कॉटलंडचा रग्बी विश्वचषकाचा सामना खेळला गेला. आदल्या दिवशीचे दोन सामने वादळामुळे रद्द झाले होते. लोकांच्या मनातून वादळ गेलेलं असताना नदी वर चढत होती.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, ताई, त्या रात्री निर्धास्त झोपू नका. वाऱ्याचा आकडा उतरला की नजर वाऱ्यावरून काढून नदीवर न्या. आणखी एक दिवस. टायफून थंड पाण्यावर जाऊन समशीतोष्ण वादळ झाला, असंही कधी वाचाल. तो बदल त्याच्या रचनेतला आहे, पावसाने तेवढ्यावर थांबायचं कबूल केलेलं नसतं.

वारा कुठून येणार, हेही त्या नकाशावरूनच कळतं. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला वारा जास्त, कारण तिथे वादळाची स्वतःची चाल वाऱ्यात मिळते. टोकियोचा उपसागर दक्षिणेला उघडा आहे. केंद्र उपसागराच्या पश्चिमेकडून गेलं तर दक्षिणेचा वारा समुद्राचं पाणी आत लोटतो. १९५९ च्या सप्टेंबरात इसे उपसागराच्या पश्चिमेकडून गेलेल्या टायफूनने नागोया भागात हेच केलं आणि पाच हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा केंद्र पश्चिमेकडून की पूर्वेकडून जाणार, हा प्रश्न वाऱ्याच्या वेगाइतकाच मोठा आहे.

निशी-कासाई ज्या एदोगावा प्रभागात येतं, तिथली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. प्रभागाने मे २०१९ मध्ये पुराचा नकाशा घरोघर दिला. त्याच्या मुखपृष्ठावर रहिवाशांना उद्देशून लिहिलं होतं : इथे थांबू नका. स्वतःच्या रहिवाशांना इतकं उघड सांगणाऱ्या प्रशासनाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पाचच महिन्यांनी हागिबिस आला आणि प्रभागातल्या लाखो लोकांना घर सोडण्याची सूचना द्यावी लागली. मुलीला एवढंच विचारा : त्या नकाशात तुमची इमारत कोणत्या रंगात येते, तुमचा मजला कितवा, आणि सूचना आली तर नातीला घेऊन तुम्ही कुठे जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असली, तर तुमच्या वहीतला एखादा आकडा चुकला तरी चालेल.

प्रश्न : भर समुद्रात ना वेधशाळा, ना यंत्र. मग टायफूनचा दाब ९१५ आहे हे कोण मोजतं?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक वेळा कोणी मोजत नाही, ठरवलं जातं. मी नोकरीला लागलो तेव्हा जहाजांवरून आलेले वाऱ्याचे नि दाबाचे आकडे आम्ही कागदी तक्त्यावर हाताने भरायचो. वादळाच्या जवळ जहाज नसायचंच, कारण शहाणा कप्तान केव्हाच लांब गेलेला असायचा. जिथे आकडा हवा नेमका तिथेच कागद कोरा.

ती कोरी जागा भरली उपग्रहाने. १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने ढगांच्या आकारावरून जोर ओळखायची पद्धत बसवली आणि आजही जगभर तीच मुख्य आहे. इन्फ्रारेड चित्रात डोळा किती गरम, भोवतालच्या ढगांचे माथे किती थंड, ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळलाय, हे पाहून १ ते ८ मध्ये अंक द्यायचा, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. डोळा गरम आणि भोवतालचं कडं थंड असेल, तर अंक मोठा. २०१३ मध्ये फिलिपिन्सवर गेलेल्या हैयानला ८ पर्यंत अंक मिळाला, त्याच्या पुढे मोजपट्टीच संपते. अंकावरून वारा, वाऱ्यावरून दाब. दोन अनुभवी माणसांत अर्ध्या अंकाचा मतभेद सहज होतो, आणि वरच्या अंकांना अर्धा अंक म्हणजे ताशी पंचवीसेक किलोमीटरचा फरक. जपानचा हिमावारी उपग्रह आता टायफूनचं चित्र दर अडीच मिनिटांनी घेतो, त्यामुळे बदल लगेच दिसतो. तरी आकडा अंदाजाचाच.

खरंखुरं मोजायचं तर विमान घेऊन आत जावं लागतं. १२ ऑक्टोबर १९७९ ला टिप टायफूनच्या डोळ्यात अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने यंत्र सोडलं आणि ८७० हेक्टापास्कल हा दाब मिळाला. समुद्रसपाटीला मोजलेला त्याहून कमी दाब आजवर नोंदलेला नाही. पश्चिम पॅसिफिकमधली ही नियमित उड्डाणं १९८७ मध्ये बंद झाली. माझ्या मते तो फार महागात पडलेला काटकसरीचा निर्णय होता, कारण त्यानंतरचे टायफून टिपपेक्षा जोरदार होते की नाही, हे छातीठोकपणे सांगायला मापच उरलं नाही. तैवानचे शास्त्रज्ञ २००३ पासून टायफूनच्या कडेने विमानातून यंत्रं सोडतात. २०१७ मध्ये नागोया विद्यापीठाच्या चमूने लान टायफूनच्या थेट डोळ्यात जाऊन मोजणी केली. तुला या विषयात पुढे शिकायचं असेल, तर त्यांच्या कामापासून वाचायला सुरुवात कर.