पत्ता कायमचा बदलला तर ३०१, काही दिवसांपुरता तर ३०२

तुमच्या पैठणी दुकानाच्या साइटवर साड्यांचं पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलंय आणि दिवाळीपुरतं होमपेज ऑफरच्या पानावर वळवायचंय. असं वळवणं म्हणजे रिडायरेक्ट; त्यासाठी सर्व्हर ब्राउझरला ३०१ (कायमचं) किंवा ३०२ (तात्पुरतं) असा आकडा पाठवतो. दोन्हीकडे ३०१ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. साड्यांच्या पानाला ३०१, होमपेजला ३०२.

३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. होमपेजला ३०१ दिला, तर दिवाळी झाल्यावर तुम्ही कोडमधली ओळ काढली, तरी पैठणहून किंवा जालन्याहून आधी येऊन गेलेलं गिऱ्हाईक ऑफरच्याच पानावर जात राहील, कारण त्याचा ब्राउझर सर्व्हरला परत विचारतच नाही. त्याच्या मोबाइलमधली कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली माहिती, तुम्हाला पुसता येत नाही. म्हणून नवं रिडायरेक्ट आधी ३०२ ने तपासा, पक्कं झालं की ३०१ करा.

पीएचपी या कोडभाषेचं लोकेशन हेडर (नवा पत्ता सांगणारी ओळ), एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचं रिडायरेक्ट फंक्शन आणि अपाचे या वेब सर्व्हरचा रिडायरेक्ट हे सगळे आकडा दिला नाही तर ३०२ च पाठवतात. त्यामुळे ३०१ स्वतः लिहावा लागतो. पीएचपीत हेडरनंतर एक्झिट (कोड थांबवणारी आज्ञा) लिहाच, नाहीतर खालचा कोड चालत राहतो.

ऑर्डरचा फॉर्म पोस्टने (माहिती सर्व्हरला पाठवण्याची पद्धत) येत असेल तर ३०८ (कायमचं) किंवा ३०७ (तात्पुरतं) वापरा. ३०१-३०२ मध्ये ब्राउझर पोस्टचं गेट (फक्त पान मागवण्याची पद्धत) करतात आणि भरलेली माहिती वाटेतच हरवते.