वस्तरा पट्ट्यावर ओढल्याने धार खरंच लागते का? किती वेळा ओढावा?

नाही लागत. धार दगडावर लागते. पट्ट्यावर वळलेली धार फक्त सरळ होते. हे वाक्य मी आमच्या दाजींना किती वर्षं सांगतोय, आता मोजायचं सोडलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

बेळगावात कॅम्पात अप्पांचं दुकान होतं. निम्मं गिऱ्हाईक पलटणीचं, म्हणजे गालावर एक खुंट राहिला तरी चालायचं नाही. खुर्चीच्या कडेला खिळ्याला पट्टा लटकलेला असायचा. चामडं अथणीचं, म्हशीचं. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात तेच. त्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पट्ट्याला कोण विचारतंय!

सोळाव्या वर्षी अप्पांनी वस्तरा पहिल्यांदा हातात दिला आणि मी पट्ट्याच्या टोकाशी तो धारेवरून उलटवला. बोटभर चीर पडली. "चामडं सोलायलास काय? पाठीवरून फिरव की!" एवढंच बोलले. पट्टा बदलला नाही. चिरेच्या अलीकडचा वीतभर तुकडा माझा, म्हणाले, आणि महिनाभर तेवढ्यातच ओढायला लावलं. पाठ पुढे, धार मागे, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली, हाताचा जोर शून्य.

अप्पा गेल्यावर वस्तरा माझ्याकडे आला. जर्मनीतल्या झोलिंगनचा. एका गणपतीला दाजी पुण्याहून आले, कुठलातरी व्हिडिओ बघून. पट्ट्याला हिरवी पेस्ट चोपडली, पट्टा झोळीसारखा ढिला धरला आणि फटाफट शंभरेक फटके मारले. बघणाऱ्याला वाटावं, काय हात आहे! पट्टा ढिला पडला की चामडं धारेला वळसा घालून वर येतं आणि कड गोल होते. सकाळी दाढी करताना हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त. दाजींचा निकाल: "वस्तराच भंगार आहे." मी पुढच्या दोन संध्याकाळी वस्तरा दगडावर घासत बसलो, तेव्हा कुठे तो पुन्हा केस धरायला लागला.

दाजींचा दुसरा आवडता मुद्दा: केस एवढा मऊ, त्याने पोलाद कसं बिघडेल? केस पोलादापेक्षा पन्नासेक पटींनी मऊ आहे हे खरंच. पण अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी 2020 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिलं. केस वाकून पात्यावर तिरका दाबला गेला की धारेचा कपचा उडू शकतो. त्यांनी साधी ब्लेडं वापरली होती, पण वस्तराही पोलादच. उडालेला कपचा चामडं कुठून भरून आणणार? म्हणून काही महिन्यांनी दगड लागतोच.

बरं, आकडा. दाढीच्या आधी पट्ट्याच्या कॅनव्हासच्या बाजूवर वीस-पंचवीस, मग चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या, जाऊन-येऊन एक धरायची. पट्टा ताणलेला. वेग आपोआप येतो, आणू नका.

खानापूर-चंदगडच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात वस्तरा पुसून तेलाचं बोट लावून ठेवा, धारेवर सगळ्यात आधी गंज चढतो. पट्ट्यालाही बुरशी येते.

आणि हे सगळं आपल्या घरच्या, आपल्या एकट्याच्या वस्तऱ्यासाठी. दुकानात गिऱ्हाईकागणिक नवं ब्लेडच हवं, चामडं काही उकळता येत नाही. अप्पांनीही शेवटची बरीच वर्षं ब्लेडचाच वस्तरा चालवला.

हां, हिरव्या पेस्टमधलं क्रोमियम ऑक्साइड पोलाद थोडं घासतं. तेवढ्यापुरती धार लागते म्हणा. पण दाजींना हे माहीत नव्हतं, त्यांना वाटलं ते पॉलिश आहे.