मास्तर, बॉल कोण देतंय त्याला?

प्रश्न : मास्तर, मी आणि माझा मेहुणा दोघेही इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे चाहते. 2023 मध्ये डेन्मार्कचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढं खेळणारा, रास्मुस हॉयलुंड आला तेव्हा मेहुण्यानं घरी पेढे आणले, ‘आपल्याला आपला हालांड मिळाला’ म्हणून. हालांड म्हणजे शेजारच्या मँचेस्टर सिटीचा गोल करणारा गडी. मी तेव्हापासून सांगतोय, हे पोरगं उगाच डोक्यावर घेतलंय. दुसऱ्या हंगामात लीगमध्ये त्याचे गोल किती, तर चार! आता तो इटलीतल्या नापोली संघात गेला आणि तिथं गोल करायला लागला, तसा मेहुणा रोज रात्री फोन करून मला डिवचतो. तांबड्या-पांढऱ्या रस्स्याच्या जेवणाची पैज आहे. निकाल तुम्ही द्यायचा असं ठरलंय.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पैज रस्स्याची आहे म्हणून मनावर घेतो.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. युनायटेडनं त्याच्यासाठी 6 कोटी 40 लाख पौंड मोजले, वर 80 लाख पुढच्या कामगिरीवर. आपल्या पैशात पावणेसातशे कोटींच्या आसपास. तेव्हा त्याचं वय वीस. त्याआधी इटलीत अटलांटाकडून लीगच्या एका अख्ख्या हंगामात गोल नऊ. म्हणजे किंमत झालेल्या गोलांची नव्हती, होणाऱ्या गोलांची होती. मार्च 2023 मध्ये त्यानं डेन्मार्ककडून फिनलंडवर तीन आणि कझाकस्तानवर दोन गोल मारले, आणि भाव चढला. त्यात अंगानं उंच, केस सोनेरी, पाय डावा आणि नाव उत्तरेकडचं. लोकांना हालांड दिसायला आणखी काय लागतं? हालांडनं त्याच हंगामात सिटीकडून लीगमध्ये 36 गोल केले होते. तेव्हा मेहुण्याचे पेढे घाईचेच. ते तुम्ही खाल्लेत की नाही हे पत्रात लिहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगायला मला तीस वर्षं मागं जावं लागेल.

आमच्या पेठेतल्या संघात 1994 साली एक सतरा वर्षांचं पोरगं सेंटर फॉरवर्डला आलं. शाहू स्टेडियमवर पहिल्याच मॅचला तीन गोल. लोकांनी खांद्यावर घेऊन पेठेपर्यंत आणला, गुलालानं त्याचे कान आठवडाभर लाल होते. पुढच्या पाच मॅचना एकही गोल नाही. मग त्याच लोकांनी गॅलरीतून सुरू केलं, ‘नवरदेवा, घोड्यावरून उतर आता!’ मी तेव्हा संघाचं प्रशिक्षण बघायचो. खोटं कशाला सांगू, चहाच्या गाड्यावर मीही म्हणालो, ‘पायात काही नाही त्याच्या.’ आमचा एक जुना हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, शेजारी बशीत चहा ओतत होता. मान वर न करता म्हणाला, ‘मास्तर, बॉल कोण देतंय त्याला?’

पुढच्या मॅचला मी गोलाच्या मागं जाऊन बसलो, शाळेतली हजेरीची वही मांडीवर घेऊन. पोरगं धावलं की एक उभी रेघ, बॉल त्याच्यापर्यंत आला की तिच्यावर आडवी. अर्ध्या वेळेला उभ्या रेघा चौदा, आडव्या तीन. त्या तिनातला एक बॉल गुडघ्याच्या उंचीवर आलेला. आमचा डाव्या बाजूचा विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पोरगं यायच्या आधी पेठेचा लाडका. प्रत्येक वेळी तो कोपऱ्यापर्यंत जायचा, वर बघायचा, पोरगं मोकळं दिसायचं, आणि स्वतःच शॉट मारायचा. कोल्हापुरात ईर्षा दोन तालमींत, म्हणजे पेठांच्या संघांत, असते एवढंच बाहेरच्यांना माहीत आहे. एका तालमीत असली की तिची बातमी होत नाही.

ती वही डोक्यात ठेवून मी हॉयलुंडचा पहिला हंगाम बघितला. रात्री दीडला, आवाज बंद करून, कारण आतल्या खोलीतून सूचना येत असतात. दिसलं ते असं. उजवीकडं अँटनी, तो डाव्या पायाचा. डावीकडं रॅशफर्ड नाहीतर गार्नाचो, दोघे उजव्या पायाचे. विंगर असे उलट्या पायाचे असले की ते रेषेवरून बॉल आत टाकण्यापेक्षा स्वतः आत कापतात आणि स्वतःच मारतात. त्यांची चूक म्हणत नाही, त्यांना तसंच खेळायला लावतात. पण मधे उभ्या असलेल्या नंबर नऊनं, म्हणजे सेंटर फॉरवर्डनं, काय करायचं? हॉयलुंडची धाव बघा. दोन सेंटरबॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मधल्या फटीतून, जवळच्या खांबाकडं, वेळेवर. आणि मग तो हात पसरून थांबतो. हात पसरून थांबलेला हॉयलुंड मी इतक्या वेळा बघितलाय की रस्त्यात भेटला तर त्यावरूनच ओळखेन.

गंमत म्हणजे चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या संघांच्या स्पर्धेत, त्याच वेळी पोरगं मारत होतं. बायर्नला एक, गालातासारायला दोन, कोपनहेगनला दोन. संघ गटात शेवटचा आला, तरी ह्याचे गोल पाच. लीगमध्ये मात्र पहिला गोल यायला पंधरावी मॅच उजाडली. 26 डिसेंबर 2023, समोर अ‍ॅस्टन व्हिला, 0-2 वरून गार्नाचोनं 2-2 केलेले. आपल्याकडं 27 तारखेची पहाट व्हायला आलेली. कॉर्नरवरून गोंधळ झाला, बॉल ह्याच्या पुढ्यात पडला, डाव्या पायानं ठेवून दिला. त्यानंतर तो जे ओरडला ते आनंदाचं वाटलं नाही मला. उकळत्या कुकरची शिट्टी सुटावी तसं होतं ते. तिथून लीगमधल्या ओळीनं सहा मॅचमध्ये गोल. त्या स्पर्धेत इतक्या लहान वयात हे आधी कुणी केलं नव्हतं. लूटनविरुद्ध तर 37 व्या सेकंदाला, त्यांच्या बचावपटूनं मागं दिलेला पास मधेच उचलून, गोलीला चकवून. त्याच मॅचचा दुसरा नुसता छातीला लागून गेला. छातीला लागला म्हणून हसणारे बरेच भेटले मला. छाती तिथं होती, हे कुणी बोलत नाही.

मग तुमचे ते चार गोल. खरे आहेत. 2024-25 मध्ये पोरगं खचलं होतं. पाठीवर माणूस घेऊन बॉल थांबवायचा म्हटलं की पहिला स्पर्श हातभर लांब जायचा. ह्याचा दोष विंगरवर टाकता येत नाही, तिथं तुमचं बरोबर. आधीच्या उन्हाळ्यात मांडीचा स्नायू दुखावलेला, नोव्हेंबरात प्रशिक्षक बदलला, खेळायची पद्धत बदलली. ओळीनं 21 मॅच गोल नाही. पण तो संघ लीगमध्ये पंधरावा आला आणि 38 मॅचमध्ये सगळ्यांनी मिळून गोल केले 44. सार्वजनिक नळालाच पाणी नाही, आणि तुम्ही एकाच्या घागरीवर रागावताय. युरोपा लीगच्या फायनलला बिल्बाओमध्ये टॉटनहॅमचा गोली चुकला, ह्याचं हेडर रिकाम्या गोलाकडं निघालं, आणि व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन पायानं ते बाहेर काढलं. चार बोटं इकडंतिकडं झाली असती तर तुम्ही मला हे पत्र लिहिलं नसतं.

सप्टेंबर 2025 मध्ये तो नापोलीला गेला आणि पहिल्याच मॅचला फिओरेंटिनावर गोल केला. पण माझ्यासाठी निकाल लागला तो 1 ऑक्टोबरला, स्पोर्टिंगविरुद्ध. नापोली 2-1 जिंकली, दोन्ही गोल हॉयलुंडचे, आणि दोन्ही पास केव्हिन डी ब्रॉयनाचे. पहिल्यात डी ब्रॉयना बॉल घेऊन मैदानाच्या मधून सुटला, हॉयलुंडनं तीच जुनी धाव घेतली, आणि ह्या वेळी बॉल आला. दुसऱ्यात डोक्यावर आणून ठेवला. हालांडच्या 36 गोलांच्या हंगामात त्याला बॉल कोण पुरवत होतं, ते मेहुण्याला विचारा. हाच गडी.

तेव्हा निकाल असा. रस्सा तुम्ही द्यायचा. मेहुण्यानं ‘आपला हालांड’ म्हटल्याबद्दल भाकरी त्यानं आणायच्या. हॉयलुंड हालांड नाही, होणारही नाही. तो चांगल्या धावेचा, मध्यम स्पर्शाचा सेंटर फॉरवर्ड आहे आणि त्याला मधल्या फळीत डोळे असलेला माणूस लागतो.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. शालेय स्पर्धेत त्यानं सात गोल केले. गल्लीतल्या मंडळानं त्याचा मोठा फ्लेक्स लावलाय, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मेस्सी. त्याला रात्री झोप लागत नाही, मॅचच्या दिवशी सकाळी उलटी होते. घरचे म्हणतात, सवय होईल. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, बोयान क्रकिच हे नाव मुलाला माहीत असेल. बार्सिलोनाचा. 2007 मध्ये सतराव्या वर्षी मोठ्या संघात आला, पहिल्या हंगामात लीगमध्ये दहा गोल केले, आणि सगळ्यांनी त्याला पुढचा मेस्सी करून टाकला. 2008 च्या फेब्रुवारीत स्पेनच्या संघातून पहिली मॅच खेळायची, त्या वेळी त्याला चक्कर आली, जीव घाबरा झाला. लोकांना सांगितलं, पोट बिघडलंय. त्या उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेला गेला नाही, स्पेन ती जिंकून आला, आणि ह्याला बोलणी बसली. खरं काय झालं होतं ते त्यानं उघडपणे सांगितलं दहा वर्षांनी.

उलटीची सवय होत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि मनाच्या डॉक्टरांकडं जा म्हणाले तर जा. लाजायचं काही नाही त्यात. मुलाला ‘किती गोल केलेस’ हा प्रश्न महिनाभर विचारू नका. घरी आल्यावर जेवायला वाढा. आणि फ्लेक्स उतरवून घ्या. मंडळाचे कार्यकर्ते रुसतील, तर त्यांना सांगा की ह्या भागात पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी वाढदिवस असेलच. जागा लगेच भरेल.

प्रश्न : सर, तुम्ही एवढ्या पोरांचा हिशेब मांडता. तुम्ही स्वतः किती गोल केलेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोजले नाहीत, आणि पेठेतही कुणाच्या लक्षात नाहीत. एका फायनलमध्ये पेनल्टी दांडीवरून मारली होती. तो विषय गेल्या रविवारी केस कापताना न्हाव्यानं काढला. त्याचा जन्म त्या मॅचनंतरचा आहे.