एकाच लॅपटॉपवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या ठेवल्या तर चालतं का?

हो, खुशाल ठेवा. जुनी आवृत्ती काढायची काही गरज नाही. तुमचा जुना प्रकल्प पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 13 व्या आवृत्तीवर आहे, नव्याला 17 हवंय, मशीनवर उबुंटू आहे, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर डेटा खराब होईल का, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसलाही हेच लागू होतं का, असं तुम्ही विचारलंय. डेटाच्या भीतीपासूनच सुरुवात करतो.

पोस्टग्रेसच्या बाबतीत ती भीती जवळपास निराधार आहे. प्रत्येक मेजर आवृत्तीचं डेटा फोल्डर वेगळं असतं आणि त्यात ‘पीजी_व्हर्जन’ नावाची छोटीशी फाइल असते. उघडून पाहा, आत फक्त 13 किंवा 17 एवढंच लिहिलेलं दिसेल. सर्व्हर सुरू होताना हा आकडा तपासतो. आपला नसला तर डेटाबेसच्या फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत असा संदेश देऊन तिथेच थांबतो, पुढे काही लिहीत नाही. त्यामुळे 17 ला चुकून 13 चं फोल्डर दाखवलंत तरी फार तर सर्व्हर सुरू होणार नाही.

मायएसक्यूएलचं मात्र तसं नाही, तिथे ही भीती बाळगाच. 8.0.16 पासून सर्व्हर सुरू होतानाच डेटा फोल्डर स्वतः अपग्रेड करून टाकतो, तुम्हाला विचारत बसत नाही. म्हणजे 5.7 चं फोल्डर 8.0 ला दिलंत की काम झालं, आणि ते परत 5.7 मध्ये उघडायचा मार्गही बंद झाला. मग जुना बॅकअप शोधण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून तिथे डेटा फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा घालायचा, आणि सर्व्हर सुरू करण्याआधी कॉन्फिगमधला ‘डेटाडिर’ एकदा डोळ्यांखालून घालायचा.

उबुंटूवर पोस्टग्रेसचं काम सोपं आहे. उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज भांडारात साधारण एकच आवृत्ती असते, म्हणून एपीटीला (उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) पोस्टग्रेस प्रकल्पाचं अधिकृत भांडार जोडा आणि तिथून 17 घ्या. प्रोग्राम ‘/यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/17’ मध्ये जातात, डेटा ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/17/मेन’ मध्ये, कॉन्फिग ‘/ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/17/मेन’ मध्ये. 13 च्या वाटेला कोणी जात नाही. राहिला पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडणी घेतो तो. एका म्यानात दोन सुऱ्या राहत नाहीत, तसे एका पोर्टवर दोन सर्व्हर बसत नाहीत. पण 5432 हा नेहमीचा पोर्ट आधीच 13 कडे असेल तर पॅकेज 17 ला आपणहून 5433 देतं. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही कमांड चालवा. प्रत्येक ओळीत आवृत्ती, पोर्ट, चालू आहे की बंद, आणि डेटा कुठे आहे, सगळं दिसतं. ही कमांड लक्षात ठेवलीत तर बाकीचं फारसं पाठ करावं लागत नाही.

माझ्या मते खरा घोळ सर्व्हरच्या बाजूला होतच नाही. दोन्ही सर्व्हर गुण्यागोविंदाने चालू असतात, आपण मात्र भलत्याशीच बोलत असतो. तुम्ही नुसतं ‘पीएसक्यूएल’ (पोस्टग्रेसशी बोलायचा कमांड-लाइन प्रोग्राम) टाइप केलंत की उबुंटूवर ते 5432 वरच्या क्लस्टरला, म्हणजे तिथल्या सर्व्हर आणि त्याच्या डेटाच्या जोडीला, जाऊन भिडतं, म्हणजे तुमच्याकडे 13 ला. त्यात भर म्हणजे प्रोग्राम मात्र नव्या आवृत्तीचा उघडतो, त्यामुळे सुरुवातीच्या ओळीत 17 दिसतं आणि आपण 17 मध्ये आहोत असं वाटतं. ती ओळ नीट वाचा: पहिला आकडा प्रोग्रामचा असतो, ‘सर्व्हर’ या शब्दापुढचा सर्व्हरचा. शंका आलीच तर ‘शो सर्व्हर_व्हर्जन’, ‘शो पोर्ट’ आणि ‘शो डेटा_डिरेक्टरी’ हे तीन प्रश्न थेट सर्व्हरला विचारायचे (शेवटच्याला सुपरयूझर लागतो). उत्तर तो स्वतःबद्दलच देतो, त्यामुळे तिथे फसगत होत नाही.

मी पीएसक्यूएलच्या प्रॉम्प्टमध्येच पोर्ट दाखवतो. होम फोल्डरमधल्या ‘.पीएसक्यूएलआरसी’ फाइलमध्ये प्रॉम्प्ट1 ची किंमत बदलून त्यात %> हे चिन्ह घातलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 5432 किंवा 5433 दिसतं. टेबल उडवायची कमांड लिहिताना तो आकडा समोर असला की हात जरा आखडतो. प्रकल्पाच्या कोडमध्येही पोर्ट स्पष्ट लिहा. ‘डीफॉल्ट तर आहेच की’ म्हणून सोडून दिलेला पोर्ट दोन आवृत्त्या आल्या की अंगाशी येतो.

मायएसक्यूएलमध्ये याच जागी एक फार खोडसाळ गोष्ट आहे. समजा 5.7 आहे 3306 वर आणि 8.0 आहे 3307 वर. तुम्ही होस्ट ‘लोकलहोस्ट’ दिलात आणि पोर्ट 3307. जोडणी होते, एररही येत नाही, आणि तुम्ही 5.7 मध्ये असता! लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट ‘लोकलहोस्ट’ पाहिला की सॉकेट फाइलने (त्याच मशीनवर पोर्टविना जोडणी करून देणारी फाइल) जातो आणि पोर्टकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याऐवजी 127.0.0.1 लिहा, किंवा दुसऱ्या सर्व्हरची सॉकेट फाइल नाव घेऊन द्या. दोन्ही सर्व्हर 8 च्या मालिकेतले असतील तर 33060 हा आणखी एक पोर्ट आहे, एक्स प्रोटोकॉलचा. 3306 बदललात आणि हा विसरलात तर लॉगमध्ये पोर्ट अडल्याची तक्रार दिसते आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

डॉकरबद्दल, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनाबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. नवी आवृत्ती मशीनवर आणि जुनी कंटेनरमध्ये, ही मांडणी मला आवडते, कारण जुनीचं काम संपलं की ती मागमूस न ठेवता काढता येते. फक्त इमेजचा टॅग ‘लेटेस्ट’ ठेवू नका, 13 म्हणजे 13 लिहा. नाहीतर पुढे कधीतरी इमेज नव्याने ओढली जाईल आणि जुन्या आवृत्तीच्या डेटावर सर्व्हर सुरूच होणार नाही. पोर्ट देताना 127.0.0.1:5433:5432 असा पूर्ण द्या. सुरुवातीचा पत्ता वगळलात तर डॉकर तो पोर्ट मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उघडतो, आणि उबुंटूचा यूएफडब्ल्यू फायरवॉल त्याला अडवत नाही. आणि एकच व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा ठेवायची जागा) दोन चालू कंटेनरना कधीही देऊ नका. एका मशीनवर दोन सर्व्हरना एकाच फोल्डरवर चढण्यापासून रोखणारी पोस्टग्रेसची कुलूप फाइल कंटेनरच्या भिंतीपलीकडे भरवशाची राहत नाही.

मेमरीची काळजी नको. पोस्टग्रेसचं ‘शेअर्ड_बफर्स’ मुळात 128 एमबी असतं, रिकामा बसलेला सर्व्हर लॅपटॉपला जड होत नाही. तरीही 13 रोज लागत नसेल तर त्याच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या ‘स्टार्ट.कॉन्फ’ मध्ये ‘ऑटो’ च्या जागी ‘मॅन्युअल’ लिहा. मग मशीन सुरू झाल्यावर तो उठणार नाही, हवा तेव्हा ‘पीजी_सीटीएलक्लस्टर’ ने उठवायचा.

पुढेमागे 13 मधला डेटा 17 मध्ये न्यायचा झाला तर डंप, म्हणजे डेटाची फाइलमधली प्रत, 17 च्या ‘पीजी_डंप’ ने घ्या. नवं साधन जुन्या सर्व्हरशी बोलतं, जुनं साधन नव्या सर्व्हरला नकार देतं. 17 वर नव्याने बनवलेल्या डेटाबेसमध्ये अ‍ॅप नवं टेबल बनवताना ‘पब्लिक’ स्कीमावर (टेबलं ठेवायचा मूळचा कप्पा) परवानगी नाही म्हणून अडलं, तर गोंधळू नका. 15 पासून तिथे टेबल बनवायची मुभा सरसकट सगळ्यांना राहिलेली नाही. अ‍ॅपच्या यूझरला ती ‘ग्रँट’ ने द्या, किंवा तो डेटाबेस त्याच्याच मालकीचा करा.

आणि शेवटी 13 काढायची वेळ आली की आधी एपीटीचं ‘रिमूव्ह’ वापरा. त्यात प्रोग्राम जातो, डेटा फोल्डर जागच्या जागी राहतं. ‘पर्ज’ केलंत तर डेटाही काढू का असं विचारलं जातं, तिथे घाईघाईत एंटर दाबू नका.