ओपन सोर्स सीएमएसची नवी आवृत्ती दोन वर्षं 'लवकरच' येतेय. संस्थेच्या वेबसाइटसाठी तिची वाट पाहावी का?

नाही. आज जी आवृत्ती स्थिर म्हणून मिळते, तिच्यावर साइट बांधा आणि मोकळे व्हा.

तुम्ही लिहिलंय की संस्थेची वेबसाइट नव्याने करायची आहे, सीएमएस (साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) ठरली आहे, पण तिची पुढची मोठी आवृत्ती 'अंतिम टप्प्यात' आहे. दर महिन्याला प्रगतीची बातमी येते, प्रत्येक बातमीत काहीतरी नवं पूर्ण झालेलं असतं, आणि विश्वस्तांचं म्हणणं पडतंय की आता थोडक्यासाठी जुन्यावर पैसे कशाला घालवायचे. सीएमएस कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण नेमकं हेच गणित मी २०१३ साली ड्रुपल या सीएमएसच्या बाबतीत मांडलं होतं आणि ते सपशेल चुकलं. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं काम माझ्याकडे आलं होतं. पाच-सहा शाळा, एक कॉलेज, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत साइट हवी. जुनी साइट म्हणजे हाताने लिहिलेली एचटीएमएल पानं, आणि मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्याला प्रवेशाच्या सूचनेऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. ड्रुपल ७ येऊन दोन वर्षं झाली होती, ५ जानेवारी २०११ ची ती आवृत्ती. पण तिच्यात दोन भाषा चालवायच्या म्हणजे मॉड्यूलवर मॉड्यूल (वरून लावायचे जादा तुकडे). लेखांच्या भाषांतराची एक सोय, मेन्यूची वेगळी, वर्गवारीच्या शब्दांची आणखी वेगळी. बरं, लेखाचं भाषांतर करायच्याही दोन पद्धती, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नसे. ड्रुपल ८ मध्ये हे सगळं कोअरमध्येच, म्हणजे मूळ गाभ्यातच, येणार होतं. इन्स्टॉल करताना पहिल्याच पानावर मराठी निवडा, भाषांतरं आपोआप उतरतील. याद्या बनवणारं व्ह्यूज मॉड्यूलही कोअरमध्ये. सेटिंग्ज डेटाबेसमधून फायलींमध्ये काढून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतील. वाचूनच तोंडाला पाणी सुटायचं.

१ डिसेंबर २०१२ ला ड्रुपल ८ चं फीचर फ्रीझ लागलं, म्हणजे मोठं नवं काही घालणं बंद. मी संस्थेच्या सचिवांना सांगितलं, "सर, आता फक्त साफसफाई उरलीय. सहा-आठ महिने थांबू."

ड्रुपल ८ आलं १९ नोव्हेंबर २०१५ ला.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ड्रुपलचा जनक ड्रीस बायटार्टने आठच्या कोडची शाखा उघडली मार्च २०११ मध्ये, शिकागोच्या परिषदेत. तिथून फ्रीझपर्यंत २१ महिने. फ्रीझपासून रिलीजपर्यंत जवळपास ३६. ज्याला मी साफसफाई म्हणत होतो, त्याला मूळ कामाच्या दीडपटीहून जास्त वेळ लागला.

आणि गंमत म्हणजे त्या काळातल्या प्रगतीच्या बातम्यांत मला एकही खोटी सापडली नाही. सिम्फनी या तयार कोडसंग्रहाचे घटक आत आले म्हणाले, ते आले होते. जुनी टेम्प्लेट पद्धत जाऊन ट्विग आलं म्हणाले, ते आलं होतं. बहुभाषिक उपक्रमाच्या बातम्या तर इतक्या नेटक्या असायच्या की मी त्या सचिवांना फॉरवर्ड करायचो. घर बांधताना स्लॅब पडला की पाहुणे वास्तुशांतीची तारीख विचारायला लागतात, तसं माझं झालं होतं. स्लॅब खरोखरच पडला होता. फक्त वायरिंग, नळ, गळती यांची बातमी कोणी काढत नाही, कारण त्यात बातमीसारखं काही नसतं.

प्रगतीची बातमी झालेलं काम सांगते. उरलेलं काम इश्यू क्यूमध्ये, म्हणजे चुका आणि कामं नोंदवायच्या यादीत, असतं. ती क्यू, ती रांग, सगळ्यांना उघडी असते, आणि मी ती दीड वर्ष उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

ड्रुपलच्या रांगेत सर्वांत वरचा दर्जा 'क्रिटिकल', त्याखाली 'मेजर'. त्या काळात नियम असा होता की १५ हून जास्त क्रिटिकल बग किंवा १५ हून जास्त क्रिटिकल कामं पडून असतील, अथवा मेजर बग किंवा मेजर कामं १०० च्या वर गेली असतील, तर नवी सुविधा आत घ्यायची नाही, आधी हे निस्तरायचं. आणि रिलीज कॅन्डिडेट (आरसी, अंतिम आवृत्तीच्या आधीची शेवटची चाचणी-आवृत्ती) काढायची तर क्रिटिकलचा आकडा शून्यावर यायला हवा. म्हणजे 'कधी येणार' याचं उत्तर एका आकड्यात रोज छापलेलं होतं.

तो आकडा वाचायलाही थोडं शिकावं लागतं. आज ६० आहेत, महिन्याला २० सुटतात, म्हणजे तीन महिने, असा त्रैराशिकाचा हिशेब इथे चालत नाही. लोक बीटा (चाचणीची आवृत्ती) वापरायला लागले की नव्या चुका सापडतात, आणि एक पॅच (कोडमधली दुरुस्ती) लावला की दुसरीकडचं काहीतरी उसवतं. पहिला बीटा १ ऑक्टोबर २०१४ ला निघाला. त्यानंतर बीटाचा आकडा १६ पर्यंत गेला. रांग शून्यावर यायला वर्ष लागलं आणि ७ ऑक्टोबर २०१५ ला पहिली आरसी निघाली. तिथून पुढे मात्र फक्त सहा आठवडे.

या क्रिटिकलमध्ये एवढं काय अडलं होतं, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण ते कळलं की उशिराचा राग बराच कमी होतो. ड्रुपल ८ सातपेक्षा मंद होतं. वेग आणायचा तर तयार पान साठवून ठेवायचं, म्हणजे कॅश करायचं. आता शाळेच्या मुखपृष्ठावर 'ताज्या सूचना' अशी चौकट आहे. एका सूचनेतली तारीख बदलली, तर ती सूचना जिथे जिथे दिसते ती सगळी साठवलेली पानं बाद व्हायला हवीत, आणि बाकीची राहायला हवीत. शिवाय मुख्याध्यापक लॉगिन करून आले की त्यांना त्याच चौकटीत 'संपादन करा' अशी लिंक दिसते. त्यांच्यासाठी बनलेलं पान साठवलं गेलं आणि पुढच्या पालकाला तेच दाखवलं, तर? आज एक लिंक दिसली, उद्या दुसऱ्या कोणाचा खाजगी मजकूर दिसेल. म्हणून पानाच्या प्रत्येक तुकड्याने सांगायचं की मी कोणत्या मजकुरावर अवलंबून आहे आणि कोणाकोणासाठी वेगळा आहे. आतल्या तुकड्याने सांगितलेलं बाहेरच्या चौकटीपर्यंत आणि तिथून अख्ख्या पानापर्यंत पोचायला हवं. एका जागी सांगायचं राहिलं की भोक पडलं. हे सगळ्या कोअरमध्ये शिवायला मोजकी माणसं होती, आणि त्यातली कित्येक नोकरी सांभाळून रात्री बसणारी.

मग २०१५ साली ड्रुपल असोसिएशनने 'डी-८ ॲक्सिलरेट' नावाचा निधी उभा केला, अडीच लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून. त्यातून डेव्हलपरांना छोटी अनुदानं दिली, की बाकी सोडा आणि हा अमुक क्रिटिकल सोडवा. माझ्या मते चार वर्षांतली सर्वांत कामाची प्रगतीची बातमी ही होती. 'हे झालं' असं सांगणाऱ्या ढीगभर बातम्या होत्या. 'उरलेलं कोण करणार आणि त्याचं घर कशावर चालणार' हे सांगणारी ही पहिलीच माझ्या पाहण्यात आली.

तुमच्या सीएमएसचंही हेच पाहा. गेल्या तीन महिन्यांत कमिट, म्हणजे कोडमध्ये घातलेले बदल, किती जणांचे आहेत? दोन माणसांचेच असतील, तर त्यातल्या एकाला बाळ झालं किंवा नोकरी बदलली की वर्ष गेलं. मी हे कुचेष्टेने म्हणत नाही, असंच होतं.

थांबायचा कंटाळा येऊन काही जण वेगळे झाले तेही सांगायला हवं. ड्रुपल ८ छोट्या संस्थांना झेपणार नाही, असं म्हणत सप्टेंबर २०१३ मध्ये दोघा जुन्या ड्रुपलवाल्यांनी सातच्या कोडवरून बॅकड्रॉप नावाचा फोर्क, म्हणजे त्यातून फुटलेली वेगळी सीएमएस, जाहीर केला. त्यांची १.० आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये आलीसुद्धा, आठच्या दहा महिने आधी. उत्पादन चांगलं होतं, मी लावून पाहिलं. घेतलं नाही, कारण उद्या मी आजारी पडलो तर साताऱ्यात किंवा पुण्यात ते काम कोणाच्या हातात देणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

माझ्या संस्थेचं काय झालं? २०१४ च्या जूनमध्ये प्रवेशाचा हंगाम आला तेव्हा जुनीच साइट चालू होती. पालक मोबाइलवर सूचना उघडायचे आणि ती खिचडी पाहून थेट ऑफिसात फोन करायचे. सचिवांचा मला फोन आला, "अहो, तुमच्या त्या आठ नंबरची वरात निघाली का घरातून?" रागावले असते तर बरं वाटलं असतं. जुलैत मी ड्रुपल ७ वर काम सुरू केलं, तीच मॉड्यूलं एकावर एक रचून, आणि सहा आठवड्यांत साइट उभी राहिली. सहा आठवडे! ज्याच्यासाठी आम्ही दीड वर्ष थांबलो होतो.

आता या गोष्टीचा सर्वांत मजेशीर भाग. ड्रुपल ७ चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये संपायचा होता. तो वाढवून २०२२ केला, मग २०२३, आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ ला तो संपला, जन्मतारखेपासून मोजून १४ वर्षांनी. ड्रुपल ८ चा आधार मात्र २ नोव्हेंबर २०२१ लाच संपला, कारण ते ज्या सिम्फनी ३ वर उभं होतं तिचीच मुदत तेव्हा सरत होती. म्हणजे जी जुनी म्हणून मी टाळत होतो, ती नवीपेक्षा तीन वर्षं जास्त जगली. एक बाजू प्रामाणिकपणे सांगतो: आठवरून नऊवर जाणं सोपं होतं, तर सातवरून आठवर किंवा पुढे जाणं म्हणजे अख्खा मजकूर नव्या साइटमध्ये हलवणं. तो खर्च आमच्या संस्थेला पुढे आलाच. पण मधल्या दहा वर्षांत प्रवेश झाले, निकाल लागले, ते सगळं साइटवर दिसलं.

सगळ्याच सीएमएस अशा रखडत नाहीत. वर्डप्रेस ५.० ची तारीख १९ नोव्हेंबर २०१८ होती, मग २७ झाली, मग ६ डिसेंबरला ती आली. तिथे एवढ्यावरूनही आरडाओरडा झाला, पण उशीर अडीच आठवड्यांचा होता. एक कारण असं की नवा ब्लॉक एडिटर आधी बराच काळ प्लगइन म्हणून बाहेर उपलब्ध होता. शिव्या घालायच्या तर वापरून घालता येत होत्या. ड्रुपलनेही आठनंतर धडा घेतला आणि दर सहा महिन्यांनी छोटी आवृत्ती काढायला लागलं, ८.१ एप्रिल २०१६ मध्ये आलीही. तेव्हा तुमची सीएमएस छोट्या छोट्या पावलांनी चालणारी असेल, तर मुळात वाट पाहायचा प्रश्नच येत नाही. ती 'सगळं नव्याने लिहितोय' म्हणत असेल, तर विश्वस्तांना जूमलाचं उदाहरण द्या: ३.० सप्टेंबर २०१२ ची, ४.० ऑगस्ट २०२१ ची.

थांबायचंच तर एकाच परिस्थितीत थांबा. आरसी निघालेली आहे, आणि तुम्हाला लागणारी मॉड्यूलं नव्या आवृत्तीवर चालतात हे तुम्ही स्वतः लावून पाहिलंय. तेव्हा महिना-दीड महिना थांबण्यात अर्थ आहे. मॉड्यूलांचं मुद्दाम सांगतो, कारण कोअर आलं तरी तुमचा फॉर्म बनवणारं मॉड्यूल वर्षभर मागे राहू शकतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलची आशियाई परिषद पवईला आयआयटी मुंबईत भरली, तेव्हा मी गेलो होतो. तिथे नवख्यांना पहिला पॅच करायला शिकवत होते. मी एका टिप्पणीतली चुकीची ओळ दुरुस्त केली. एकच ओळ. ती दुसऱ्या कोणीतरी तपासावी लागते, आपल्याच पॅचला आपण 'तपासलं' म्हणू शकत नाही. कोणीतरी तपासलं, शेवटी पूर्णविराम हवा म्हणाला. मी घातला. तोवर मूळ फाइल बदलली होती, म्हणून पॅच पुन्हा बसवून द्यावा लागला. ती ओळ आत जायला पावसाळा उजाडला. सचिवांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या शिक्षण खात्याच्या फायलीसारखंच की." तसं अगदी नाही, इथे फाइल कुठे अडलीय ते सगळ्यांना दिसतं.

तुम्ही आत्ता लगेच करण्यासारखं एक काम आहे, ज्याला कोणतीही आवृत्ती लागत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा. श्रीलिपीतली परिपत्रकं असतील तर कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात, त्याला सगळ्यात जास्त वेळ जातो. आमचे सहा आठवडे झाले त्यातले तीन याचेच होते.

सीएमएसचं नाव कळवलंत तर तिची रांग मी पाहून सांगतो.