वाचकांचे प्रश्न : दीड हजारांनी घरात काय बदलते?

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बहुतेक बायकांना ‘लाडकी बहीण’चे दरमहा दीड हजार रुपये मिळतात. एवढ्याने दारिद्र्य थोडेच हटणार? रोकड शेवटी दारूतच जाते, त्यापेक्षा धान्य द्यावे, असे आमच्या घरातील वडीलधारे म्हणतात. आपले मत काय?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दारिद्र्य हटते, असा दावा मीही करणार नाही, १,५०० रुपये म्हणजे दिवसाला जेमतेम पन्नास. परंतु ज्या घरात मजुरी कधी येते आणि कधी येत नाही, तिथे रक्कम किती, याइतकेच ती ठरल्या वेळी येते का, हेही महत्त्वाचे असते.

पूर्वभागातील एका विडी कामगार बाईंचे घर मी बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहे. यजमान यंत्रमागावर आहेत. माग बंद राहिला की तेवढी मजुरी बुडते. मग किराणा उधारीवर यायचा, आणि ज्याचे नाव दुकानदाराच्या वहीत आहे त्याला ना भाव करता येतो, ना दुसरे दुकान गाठता येते. वीस रुपयांचे तेल, दहाची साखर, अशी सुटी खरेदी तर नेहमीच महाग पडते. योजना जुलै २०२४ पासून लागू झाली आणि ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांचे ३,००० रुपये एकदम जमा झाले, तेव्हा बाईंनी सर्वांत आधी ती वही मिटवली. पुढच्या हप्त्यातून चष्मा केला. पानाची शीर नीट दिसत नसल्यामुळे त्यांच्या बऱ्याच विड्या तपासणीत बाद होत आणि त्यांची मजुरी मिळत नसे. हे ठाऊक असूनही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत चष्मा वर्षभर लांबला होता. आता बाद होणाऱ्या विड्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. सावकाराकडून शेकडा दहाने ३,००० रुपये घेतले तर महिन्याला ३०० रुपये नुसते व्याजाचे, म्हणजे या हप्त्याचा पाचवा हिस्सा. तेही त्यांनी थांबवले आहे.

दारूबद्दल म्हणाल, तर जागतिक बँकेसाठी डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, आणि रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढत नाही, असाच निष्कर्ष त्यातून निघाला. (विडी वळून पोट भरणाऱ्या बाईंच्या संदर्भात तंबाखूचा हिशेब मांडताना मलाच अवघडल्यासारखे होते.) अर्थात, खाते बाईंच्या नावावर असले तरी एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असते, हा प्रश्न घरोघरी विचारण्यासारखा आहे.

धान्य नको, असे मी म्हणत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले आहे आणि ते हवेच. मात्र त्या तांदळाने चष्म्याची काच येत नाही की दवाखान्याचे रिक्षाभाडे भागत नाही.

माझी तक्रार आहे ती तारखेबद्दल. हप्ता कधी लवकर, कधी उशिरा, तर कधी दोन महिन्यांचा एकत्र येतो. एकरकमी पैशातून एखादी मोठी वस्तू होते हे खरे, पण तारीख पक्की नसेल तर दुकानदाराला ‘पाच तारखेला देते’ असे सांगता येत नाही, आणि वही पुन्हा उघडते.

प्रश्न : माझे खाते चालू आहे, त्याला आधारही जोडलेले आहे, तरी हप्ता दिसत नाही.
– एक वाचक भगिनी, कुमठा नाका

उत्तर : बँकेत आधार नोंदवणे आणि थेट लाभासाठी तेच खाते ठरवून देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारवर पाठवलेले पैसे ज्या बँकेशी तुमचे आधार थेट लाभासाठी सर्वांत शेवटी जोडले गेले, तिथेच जातात. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असल्यास आधी तिथले पासबुक भरून पाहावे. पैसे जुन्याच खात्यात हवे असतील, तर त्या बँकेत ‘आधार सीडिंग’चा अर्ज द्यावा.